आनेकलला गेलेलं कार्ड

सगुणाबाईंच्या हाती दिलेला पेशंट मध्येच सुटत नाही, असं दवाखान्यात सगळे म्हणायचे. म्हणूनच १९६३ साली समाजकार्याच्या कॉलेजानं पहिली विद्यार्थिनी शिकायला पाठवली, ती त्यांच्याच पदरात पडली. आता गंमत बघा. बाई स्वतः जेमतेम मॅट्रिक. बंगळूरच्या त्या क्षयाच्या दवाखान्यासाठी बारा वर्षं घरोघर फिरलेल्या, पण या विद्येचा वर्ग कसा असतो ते त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. आणि शिकायला आलेली क्षमा बी. ए. झालेली, काखेत ही जाडजूड वही.

बाईंची विद्या निराळीच. घरभेटीला निघाल्या की हातात भाजीची पिशवी, कोथिंबीर वर दिसेल अशी. गल्लीत कोणी हटकलंच तर, मी माहेरकडची मावशी. एकदा चिकपेटात एका घरी बारसं चाललेलं. बायकांनी मावशी म्हणून पाळण्याची दोरीच हातात दिली. बाईंनी पाळणा म्हटला, घुगऱ्या खाल्ल्या आणि निघताना बाळंतिणीच्या उशाखाली गोळ्या सरकवल्या. कोणाला पत्ता नाही.

हे सगळं क्षमाला सांगावं की नाही? बाईंनी ठरवलं, इतक्यात नको. पोरगी ऐकेल ते वहीत लिहिते, वही कॉलेजात जाते, तिथे दहाजण वाचतात. म्हणून त्यांनी तिच्यापुढे रजिस्टर टाकलं. गोळ्या न्यायला कोण आलं नाही ते बघ म्हणाल्या, स्वल्प सवय होऊ दे.

दर गुरुवारी सकाळी क्षमा आठवड्याचं काम वाचून दाखवी. तिसऱ्या गुरुवारी बाई कॉफी निववत ऐकत होत्या.

‘‘कौशल्या खंडोजी, आनेकल. दोन महिने गैरहजर. मंगळवारी आठवणीचं कार्ड टाकलं.’’

बाईंनी पेला खाली ठेवला. ‘‘पाकिटात घातलंस ना?’’

‘‘नाही अक्का, उघडं कार्डच. दवाखान्याचा शिक्काही मारला.’’

नक्कल वहीत होतीच, सुरेख कन्नड अक्षरात. क्षयाच्या गोळ्या थांबल्या तर रोग उलटतो, ताबडतोब यावे.

कौशल्या गैरहजर नव्हतीच. तिच्या थोरल्या जावेला खोकला झाला, तेव्हा सासूनं तिला अंथरुणासकट माहेरी पाठवलं आणि परसात तिची लुगडी जाळली. ती जाऊ परत आली नाही. हे डोळ्यांनी पाहिलेली कौशल्या दर महिन्याला चिकपेटात आईकडे येई आणि मेतकुटाच्या डब्यात लपवलेल्या गोळ्या घेऊन जाई. पेशंटनं स्वतः खिडकीशी यावं असा नियम. बाई नियम मोडून तिच्या आईच्या हाती गोळ्या देत आणि रजिस्टरात तिच्या नावापुढे काही लिहीत नसत. आता तिच्यापासून कोणाला बाधा नाही, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. गोळ्यांचे चार महिने राहिले होते. घरात दोन वर्षांची लेक होती.

हे ऐकून क्षमाचा चेहरा उतरला. ‘‘हे मला आधी सांगायला हवं होतंत, अक्का.’’

‘‘सांगायला हवं होतं,’’ बाई म्हणाल्या आणि चपला घातल्या.

आनेकलच्या बसमध्ये क्षमा वही मांडीवर धरून बसली, उघडली नाही. बोम्मनहळ्ळी मागे पडल्यावर तिनं हळूच विचारलं, टपालवाला कार्डं वाचतो का? बाईंनी सांगितलं, खेड्यात वाचून दाखवणं हे त्याचंच काम धरतात. बाई मनात बेत रचत होत्या. मावशी म्हणून जायचं, कार्ड घरात असेल तर गोडीनं उचलायचं. असे बेत त्यांचे बारा वर्षांत फसले नव्हते.

ओसरीवर सासू, अंबुबाई, नाचणी पाखडत बसली होती. माहेरची मावशी म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवून चटई घातली. कौशल्या दारात आली आणि बाईंना पाहून तिथेच थबकली. लेक तिच्या पदराला धरून होती. ओसरीच्या आतल्या भिंतीला पत्रांची तार टांगलेली, जुनीपानी पत्रं त्यात टोचलेली, आणि सगळ्यात वर ते कार्ड, शिक्का बाहेरच्या अंगाला.

अंबुबाईला वाचता येत नव्हतं. तिनं आपणहून सांगितलं, कार्ड काल आलं, सुनेनं वाचलं, कुठलंसं बारशाचं बोलावणं आहे म्हणे. शनिवारी खंडोजी कारखान्यातून घरी येईल, तो पुन्हा वाचेलच.

बाईंना वाटलं, वेळेत आलो. तार हाताच्या अंतरावर होती.

‘‘तुम्हाला एक विचारते,’’ अंबुबाई सावकाश म्हणाली. ‘‘आमचा टपालवाला रोज या पायरीवर बसतो. घोटभर पाणी पितो, मग पुढे जातो. काल कार्ड लांबूनच टाकलं. मी तांब्या पुढे केला तर नको म्हणाला. आज सकाळी शेजारचीनं तिची पोरं आमच्या ओसरीवरून उचलून नेली. बारशाच्या बोलावण्यानं असं होतं का हो?’’

क्षमा उठली. ‘‘आजी, ते कार्ड मी...’’

‘‘बस तू,’’ बाई म्हणाल्या. क्षमा बसली. बारा वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी पिशवी बाजूला ठेवली आणि एका घरात आपलं खरं नाव सांगितलं. आजार सांगितला, डॉक्टरांचा शब्द सांगितला, राहिलेले महिने सांगितले. कार्ड आपल्या चुकीनं आलं, सुनेचा यात काही दोष नाही, हेही सांगितलं.

अंबुबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग नातीला जवळ बोलावलं. पोर आईचा पदर सोडेना, तेव्हा उचलून मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

‘‘शनिवारी खंडोजी येऊ दे,’’ एवढंच ती म्हणाली.

परत जाताना गल्लीतली दारं एकेक करून लागत गेली. आवाज न करता.

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या खिडकीशी भरउजेडात कौशल्या उभी होती. काखेत वळकटी, हातात मेतकुटाचा डबा.

‘‘मुलगी?’’ सगुणाबाईंनी विचारलं.

‘‘तिकडेच ठेवून घेतली.’’

बाईंनी गोळ्या मोजून तिच्या हातावर ठेवल्या. कॉलेजला पाठवायच्या शेऱ्यात त्यांनी आदल्या दिवशीच लिहिलं होतं, चूक विद्यार्थिनीची नाही, शिकवणारीची आहे. आता त्यांनी रजिस्टर क्षमापुढे सरकवलं.

क्षमानं कौशल्याच्या नावाचं पान काढलं.

‘‘लिही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हजर. आणि मग चल माझ्याबरोबर. हिच्या आईच्या गल्लीत आज कोणत्या नात्यानं शिरायचं, ते वाटेत सांगते.’’