कानाशी कथील

वाघमारे काका धातू आधी कानाने ओळखत. पहिल्या भेटीत त्यांनी मला बसा म्हटलं नाही. बोटभर जाडीची एक चकचकीत पट्टी माझ्या कानाशी धरली आणि हळूच वाकवली. आत कुणी पापड चुरावा तसा आवाज आला.

"ऐकलंत? हे कथील. शिसं गप्प बसतं, कथील बोलतं. आता तुम्ही बोला, काय काम काढलंत?"

मी कोथरूडच्या एका कला महाविद्यालयात भांडार सांभाळते. काकांच्या हडपसरच्या पत्र्याच्या शेडमध्ये छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, ओतायचं, हाताने फिरवायचं यंत्र होतं. त्यावर त्यांचं आयुष्य गेलेलं. आता शेड रिकामी करायची होती आणि सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता. आमचे विभागप्रमुख यंत्र घ्यायला तयार होते, पण शनिवारी त्यांच्या डोळ्यांदेखत स्वच्छ अक्षर पडलं तरच. "शोभेची वस्तू नको, चालणारं यंत्र हवं," असं त्यांनी मला बजावलं होतं. तो दिवस बुधवार होता.

यंत्र ठीक होतं, अडत होतं धातूचं. जुने खिळे वितळवून पुन्हा पुन्हा ओतले की दर वेळी थोडं कथील मळीबरोबर निघून जातं. उरलेला धातू साच्याच्या कोपऱ्यांत पोचत नाही आणि अक्षराच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल येतात. नवं कथील परवडणारं नव्हतं. काकांचा उपाय ठरलेला होता: भंगारातलं सोल्डर, म्हणजे तारा सांधायचा धातू. "जुन्या टीव्ही-रेडिओवाल्यांचं आणा. त्यात निम्म्याहून जास्त कथील असतं. यंत्राच्या भांड्यात पडलं की धातूला पाय फुटतात."

हे तर माझ्या हातचं काम. रात्रीच यादी केली, गुरुवारी सकाळी स्कूटर काढली आणि तीन दुकानं पालथी घातली. तारा, कांड्या, थेंब, तुकडे, सगळं एका डब्यात भरलं, वर कागद चिकटवला: 'सोल्डर, चार किलो'. दुपारी शेडमध्ये पोचले तेव्हा शाबासकी मिळणार याची मला खात्रीच होती.

काकांनी चष्मा लावून कागद वाचला. "वजन लिहिलंत. कुणाचं कोण, ते कुठाय?"

"सगळं सोल्डरच आहे, काका."

"अहो बाई, तीन घरची वऱ्हाडं एका मांडवात बसवलीत. आता नवरा कोण म्हणून विचारू?"

त्यांनी शेगडीवर लोखंडी पळी ठेवली आणि डब्यातले तुकडे एकेक करून वितळवायला घेतले. पहिला आरशासारखा चमकत गोठला. "हा घरचा." दुसरा मळकट पडला. "हा गरीब, शिसंच जास्त." तिसरा पळीत नीट वितळलाच नाही, उपम्यासारख्या गुठळ्या झाल्या. काकांनी पळी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच गंभीर झाले.

"जस्त. अॅल्युमिनियम सांधायची कांडी दिसतेय. अशी मूठभर भांड्यात गेली असती तर अख्खा धातू बाद, आणि माझं यंत्र सोमवारी टेम्पोत. ओळख नसलेला माल भांड्यात नाही."

मी पिशवीतून वही काढली. तीन दुकानं कुठली आणि तिथे कोण काय म्हणालं, ते सगळं मी टिपून ठेवलं होतं. कोथरूडच्या म्हाताऱ्या टीव्ही मेकॅनिकपुढे लिहिलं होतं: 'खणात न वापरलेल्या कांड्या आहेत, द्यायला नाखूश.' वही काकांपुढे धरली. ते वाचून म्हणाले, "मग इथे काय करताय?"

अख्खं पुणं ओलांडून मी परत गेले. मेकॅनिकला खिळ्यांची गोष्ट सांगितली. त्याने खण उघडला. कांड्यांवर प्रमाण ठोकलेलं होतं, साठ-चाळीस: साठ भाग कथील, चाळीस शिसं. त्या मी वेगळ्या पिशवीत घातल्या आणि वर त्याचं नाव लिहिलं.

शनिवारी विभागप्रमुख घड्याळ बघतच आले. साचा थंड होता, पहिली पाच-सहा अक्षरं बोथट पडली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "साहेब, पहिल्या घाण्याचं धिरडं कुणी पाहुण्याला वाढतं का?" आणि हँडल फिरवत राहिले. खट्, खट्, खट्. मग एक 'क्ष' पडला. काकांनी चिमट्याने उचलला, भिंगाखाली धरला आणि भिंग सरांकडे सरकवलं. शेपटीचं टोक सुईसारखं होतं. सर बराच वेळ वाकून बघत होते. शेवटी वर न बघताच मला म्हणाले, "टेम्पो आपला सांगा." मला तिथेच नाचावंसं वाटलं.

वर्षभर दर बुधवारी काका कोथरूडला येऊन मुलांना शिकवत. मार्चमध्ये ते गेले. महाविद्यालयातलं त्यांचं कपाट आवरताना माझा तो डबा सापडला. माझ्या कागदाखाली त्यांनी दुसरा चिकटवला होता: 'बाईंचा डबा. ओळख पटवून मगच वापरावे.'

आता नव्या मुलांचा पहिला तास त्या डब्यावरच होतो. पळी, शेगडी आणि कान. परवा एका मुलीने जाड कांडी कानाशी वाकवली आणि दचकून म्हणाली, "मॅडम, ही बोलतेय." मी लगेच एक रिकामी डबी आणली. झाकणावर आधी धातूचं नाव लिहिलं, मग वजन.