श्रीखंडाच्या डब्यातली हळद

खडकीच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कुसुमताईंच्या जिवावर येई ते चांगली वस्तू फेकून देणं. श्रीखंड संपलं की प्लास्टिकचा डबा घासूनपुसून फळीवर जाई. त्यात दही लागे, उरलेली भाजी राही आणि लेकीचा, अक्षताचा, ऑफिसचा डबाही त्यातच भरला जाई. अक्षता हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. शिफ्ट अमेरिकेच्या घड्याळावर, जेवण मायक्रोवेव्हमधून.

२०१३च्या हिवाळ्यात अक्षताची पाळी चार महिने आली नाही. रिपोर्टमध्ये हॉर्मोन्स वरखाली झालेले दिसले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, मग झोपेचं विचारलं, पोटाचं विचारलं, वर्षभरात अँटिबायोटिक किती वेळा घेतली ते विचारलं.

कुसुमताईंना राहवेना. "अहो डॉक्टर, पाळीचा आणि पोटाचा काय संबंध?"

"वापरून झालेली हॉर्मोन्स शरीर बाहेर टाकतं. त्या कामात आतड्यातले जंतूही हात घालतात, असं दिसतंय. ते बिघडले तर हिशेब बिघडू शकतो. डबा कशात नेतेस गं?"

"प्लास्टिकच्या. आईचं कलेक्शन आहे," अक्षता म्हणाली.

"त्यात गरम करू नकोस. काही प्लास्टिकमधली द्रव्यं हॉर्मोन्सच्या कामात लुडबुड करतात. तुझ्या बाबतीत तेच झालं, असं मात्र मी म्हणणार नाही."

घरी येऊन कुसुमताईंनी फळीवरचा एक डबा उचलला. आमटीची हळद त्यात कायमची बसली होती. कितीही घासली तरी जात नसे. आजवर त्यांना त्या डागाची फक्त लाज वाटायची. आज त्या खिडकीशी नेऊन तो न्याहाळत बसल्या.

"अक्षता, हळद आत शिरली ना? मग आतलं काही बाहेर येत नसेल कशावरून?"

"आई, तो डबा आहे. भूत लागल्यासारखी बघू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून दही स्टीलच्या पातेलीत लागू लागलं. लेकीच्या हाती स्टीलचा डबा आला.

"हा मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही."

"मग काचेच्या बशीत काढून गरम कर. इंजिनियर आहेस ना?"

अक्षताने तोंड वाकडं केलं, पण नेला. रोज ताक प्यायली. मॅनेजरशी भांडून दिवसाची शिफ्टही मिळवली. गोळ्या चालूच होत्या.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी ती बाथरूममधून ओरडली, "आई, आली!"

कुसुमताईंनी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून क्षणभर डोळे मिटले. मग पुढच्या तपासणीला गेल्यावर पहिला प्रश्न त्यांचाच: "नक्की कशाने आली?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "गोळ्या, झोप, ताक, डबा, सगळं एकदम बदललंत. आता कसं सांगू?"

"म्हणजे एकेक करायला हवं होतं."

"आई! मी काय तुझी प्रयोगशाळा आहे?"

प्रयोगशाळा नव्हतीच. लेक बरी होती, तेवढं पुरे होतं. पण प्रश्न काही जाईना.

मग त्यांनी तो पिवळा डबा खिडकीत उन्हात ठेवला. हळद हळूहळू फिकी होत गेली. एका रविवारी अक्षताने तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाली, "आई, डाग गेला गं. पण गेला कुठे?"

कुसुमताईंनी चष्मा पुसला आणि तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.