काजळी

आमच्या घरात एक रिव्हॉल्व्हर होतं, आणि त्याच्यापासून जिवाला धोका असलाच तर तो फक्त मला होता, तोही कंटाळून मरण्याचा. आमचे हे कवळ्या बनवतात. दिवसभर लोकांच्या खोट्या हिरड्या घासायच्या, आणि घरी आलं की हातपाय धुऊन, पांढरे सुती हातमोजे चढवून मामांचं रिव्हॉल्व्हर कपाटातून काढायचं. मामा गेले तेव्हा बाकीच्या भाच्यांनी घड्याळ, सायकल, खुर्च्या उचलल्या. ह्यांच्या वाट्याला रिव्हॉल्व्हर आलं आणि माझ्या वाट्याला सवत.

गोळी मात्र ह्यांनी कधी आणली नाही. बार उडाला की नळीच्या तोंडाशी काजळी धरते, पोलादावरचा गडद निळा थर झिजतो. तो निळा रंग बघायला हे खिडकीशी जायचे, कारण दिव्याखाली तो म्हणे नुसता काळा दिसतो. मला तर तो खिडकीतही काळाच दिसायचा. उघड्या बोटाचा घाम लागला तर ठसा उमटून गंज चढतो, म्हणून ते मोजे.

सुट्टीच्या दिवशी ह्यांचे दोन दोस्त यायचे, एक शिंपी आणि एक निवृत्त बस ड्रायव्हर. तेही मोजे घालून. माझ्या स्वयंपाकाच्या टेबलाभोवती तिघं असे बसायचे, की बघणाऱ्याला वाटावं आता कुणाचं तरी पोट फाडणार. मग शिंपी म्हणायचा, स्क्रू बघा. सगळ्या स्क्रूंच्या खाचा एकाच दिशेला! कुणा कारागिराने केवळ डोळ्याला बरं वाटावं म्हणून त्या तशा बसवल्या होत्या. मी एकदा विचारलं, त्याने नेम जास्त लागतो का? तिघांनी माझी कीव केली. मुठीच्या लाकडापासून नळीच्या टोकापर्यंत हे डोळ्यांनीच हात फिरवायचे आणि म्हणायचे, "जोड दिसत नाही." ज्याचा जन्म हिरडी आणि दात यांचा जोड लपवण्यात गेला, त्याच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती नाही. मला लग्नात बघून "बरी दिसतेस" एवढ्यावर भागवलं होतं.

मग परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली, आणि नेमका नियम बदलला. शस्त्र हवं असेल तर ते चालवता येतं हे दाखवा. सहा गोळ्या, त्यातल्या तीन कागदावर लागल्या पाहिजेत, संधी एकच. नाही जमलं तर रिव्हॉल्व्हर जमा, आणि जमा झालेलं सगळं भट्टीत वितळवतात. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. परवान्याच्या कचेरीत अधिकाऱ्याने बोलता बोलता आमचं रिव्हॉल्व्हर उचललं आणि नळीवर आपला गुबगुबीत अंगठा ठेवला. एरवी शिपायालाही साहेब म्हणणारा माझा नवरा म्हणाला, "अंगठा उचला." अधिकाऱ्याने दचकून उचललाही. मी मनात म्हटलं, संपलं आता.

परीक्षा घ्यायला रेंजवर एक दणकट बाई होत्या. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. त्यांच्या कमरेला काळं, प्लास्टिकच्या मुठीचं पिस्तूल होतं. ते बघून हे माझ्या कानात पुटपुटले, ड्रिल मशीन आहे. कॅप्टननी सगळ्यात आधी ह्यांचे मोजे काढायला लावले. इतक्या वर्षांत ह्यांनी ते पोलाद पहिल्यांदाच उघड्या हाताने धरलं, आणि तिथेच दोन मिनिटं अडकले. पहिला बार काढताना डोळे मिटले होते. तो झाल्यावर काजळी किती धरली ते बघायला हे नळी डोळ्यासमोर वळवू लागले, तशी कॅप्टननी मनगट पकडून अशी हजेरी घेतली की शेजारचा नेमबाजही सरळ उभा राहिला. पुढच्या पाच गोळ्या ह्यांनी झाडल्या खऱ्या, पण लक्ष सगळं नळीच्या तोंडाकडे, कागद बिचारा दूर उभा. दोन लागल्या.

जमा करायला आठवड्याची मुदत होती, आणि त्याआधी एक वाट उरली होती, ती मला तर सोन्यासारखी वाटली. नळीत पोलाद ओतून ती बुजवायची, घोडा कायमचा पक्का करायचा. मग परवाना नको, काही नको, जन्मभर कपाटात ठेवा. ह्यांना तरी दुसरं काय हवं होतं? पण हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला घेऊन कॅप्टनकडे गेले आणि म्हणाले, तुमच्याकडे परवाना आहे, हे तुम्ही तुमच्या नावावर करून घ्या. कॅप्टन चक्रावल्या. म्हणाल्या, तुम्ही तर ते वाजवतच नव्हता, मग बुजवून घरी ठेवायला काय हरकत आहे?

"वाजवायचं नाही, हे माझं मी ठरवलं होतं," हे म्हणाले. "त्याला वाजताच येऊ नये, हे ठरवणारा मी कोण?"

मला रडू आलं. का ते विचारू नका, जिला ती सवत घरातून जायलाच हवी होती तिलाच आलं.

कागदपत्रं झाली त्या दिवशी कॅप्टननी त्यात सहा गोळ्या भरल्या. आम्हाला कानांवर घालायला झाकणं दिली. ऐन वेळी ह्यांनी आपली काढली. सहाच्या सहा गोळ्या मधोमध लागल्या. कॅप्टन थोडा वेळ हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे बघत राहिल्या, मग ते जपून, दोन्ही हातांनी खाली ठेवलं. ह्यांनी उघड्या बोटांनी नळीच्या तोंडावरची काजळी एकदा पुसून घेतली.

परतीच्या बसची वाट बघताना ह्यांच्या कानात नुसत्या शिट्ट्या वाजत होत्या. मी हळूच म्हटलं, मला पण आठवण येईल हो त्याची. हे म्हणाले, काय? मी पुन्हा म्हटलं. पुन्हा काय? शेवटी मी भर रस्त्यात ओरडले, "मलाही त्या रिव्हॉल्व्हरची आठवण येणार आहे!"

रांगेतली माणसं भराभर बाजूला झाली. मोकळ्या झालेल्या बाकावर आम्ही दोघं बसलो. ह्यांनी माझा हात हातात घेतला. बोटांना अजून काजळी होती, ती माझ्याही हाताला लागली.

"मोठ्याने बोल," हे म्हणाले. "मघाशी काय म्हणालीस ते पुन्हा एकदा."