गादीत शिवून आलेली एकदाणी

नव्या कापसाची ती गादी आजही माझ्या डोळ्यांसमोर येते. पंचनामा करून आम्ही ती ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ठेवली होती. खोलीला कुलूप होते, तरी दुपारनंतर गादीवर कोणीतरी लवंडून उठल्याचा खड्डा रोज दिसायचा. मी दोनदा रागावलो आणि मग नाद सोडला. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, जनावरांच्या चोऱ्या तर विचारूच नका. पण गुन्हा कोणता, नुकसान कोणाचे आणि आरोपीला हवे तरी काय, या तिन्ही प्रश्नांवर एकाच वेळी डोके चक्रावले ते याच प्रकरणात. यात मी कोणाचेही नाव लिहिणार नाही.

वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. बसस्थानकाजवळ दाढी-कटिंगचे दुकान असलेला एक खबऱ्या आमच्यासाठी काम करायचा. गिऱ्हाईक खुर्चीत डोके मागे टाकून बसले की पोटातले सगळे बोलते, असा त्याचा अनुभव. एक दिवस तो सांगत आला की जऊळक्याकडच्या एका शेतकऱ्याची दहाएक वर्षांमागे चोरीला गेलेली सोन्याची एकदाणी सापडली आहे, आणि तीही नुकत्याच भरलेल्या नव्या गादीत.

माझा विश्वास बसला नाही. पण आमच्या जमादारांना ते जुने प्रकरण आठवत होते. त्या शेतकऱ्याची आई लकव्याने अंथरुणाला खिळली होती, वाचा गेली होती. धाकटी सून तिचे सगळे करायची, पेटीची किल्लीही तिच्याकडेच असायची. म्हातारी गेली. तेरवीनंतर पेटी उघडली तर तिच्यातली एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची माळ, गायब. किल्ली जिच्याकडे, बोट तिच्याकडे. फिर्याद झाली, सुनेला ठाण्यात आणून विचारपूस झाली, हाती काही लागले नाही. प्रकरण 'अ' समरीत गेले, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडत नाही. सासरच्यांनी मात्र आपला निकाल देऊन टाकला. सुनेला मानोऱ्याकडे माहेरी पोचवले आणि परत आणलेच नाही. मी त्या काळी या जिल्ह्यात नव्हतो.

आम्ही गावात गेलो तर शेतकऱ्याच्या घरी एकदाणी देव्हाऱ्यात होती, हळदीकुंकू वाहिलेली. मुलीच्या लग्नासाठी गादी भरून आणली होती. कशी भरली ते पाहावे म्हणून घरधनीण तिच्यावर आडवी झाली आणि काठाशी पाठीला काहीतरी टोचले.

"आमच्या माईनंच देल्ली साहेब," शेतकरी म्हणाला. "नातीचं लगन हाय, माईचा जीव राह्यला नाई. आता माहं काई म्हननं नाई. केस बंद करून टाका."

बंद पडलेली केस बंद करा म्हणणारा फिर्यादी मी पहिल्यांदाच पाहत होतो. उसवलेली गादी मी उलटी करून पाहिली. काठालगत मलमलीची लहान पिशवी करून ती आतून हिरव्या दोऱ्याने टाचली होती, टाके बारीक आणि सारखे. माईने वरून हिरवा दोरा पाठवला असेल असे मला वाटेना. मी सुनेचा विषय काढला. तिचा नवरा, म्हणजे शेतकऱ्याचा धाकटा भाऊ, बैलांना पाणी दाखवायचे म्हणून उठून गेला. गादी आणि एकदाणी जप्त करून आम्ही परतलो.

गादी भरली होती मशिदीच्या गल्लीतल्या एका चाचांनी. सत्तरी ओलांडलेला माणूस, पिंजण्याचे यंत्र, छोटेसे दुकान, भुवयांत कायम कापसाचे तंतू. आमच्या बराकीतल्या गाद्याही त्यांच्याच हातच्या. त्यांना बोलावणे धाडणार, तोच ते आपल्या पायांनी ठाण्यात आले. त्यांचा हजला नंबर लागला होता. जाण्यापूर्वी ओळखीच्या प्रत्येकाकडे जाऊन 'कहा-सुना माफ करा' म्हणायची त्यांच्यात रीत आहे. बोलण्यात, वागण्यात काही चुकले असेल तर मोकळ्या मनाने सोडून द्या, असा त्याचा अर्थ. शिपायापासून जमादारापर्यंत सगळ्यांपुढे ते हात जोडत फिरले. जमादार हसून म्हणाले, "चाचा, गादीत ढेकूण निघाले होते, तेही माफ."

मी चाचांना खोलीत बसवले, चहा मागवला आणि एकदाणी समोर ठेवली. विचारपुशीत माणूस एकतर खोटे बोलतो नाहीतर तोंड शिवून बसतो. चाचांनी दोन्ही केले नाही. त्यांनी उलट मलाच विचारले.

"ज्याची होती त्याले पोचली ना साहेब? मंग ठाण्यात कायले आणली?"

मग हळूहळू सगळे बाहेर आले. गेलेल्या माणसाचे अंथरूण घरात ठेवत नाहीत, म्हणून म्हातारीची गादी त्या लोकांनी फेरीवर आलेल्या चाचांना देऊन टाकली होती. हे कोणी जबाबात सांगितले नव्हते, कारण टाकून दिलेली गादी कोण लक्षात ठेवतो? चाचांनी ती दुकानात उसवली तेव्हा कापसातून एकदाणी निघाली. बोलणे जाण्याआधी म्हातारीने पेटीतून काढून ती तिथे लपवली असणार. गादी दिली म्हणजे तिच्यातले सगळे दिले, अशी चाचांनी मनाची समजूत घातली. बायको म्हणाली, हे हराम आहे, परत करा. परत करणार तोच पोलीस फिर्याद झाल्याचे कानावर आले आणि यांनी ती घाबरून दडवली. पुढे विकायची हिंमत झाली नाही आणि परत करायचीही झाली नाही. बायको वारली. जाताना तिने नवऱ्याकडे बाकी काही मागितले नाही, एकदाणी परत करा एवढेच मागितले.

हजचा नंबर लागल्यावर ते मौलानांकडे गेले. मौलाना म्हणाले, अल्लाहचा हक अल्लाह माफ करतो, तो मोठा दयाळू आहे. पण बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक बंद्याकडे पोचवावाच लागतो. वस्तू मालकाला पोचव, मनापासून तौबा कर. अल्लाहने ज्या गुन्ह्यावर पडदा टाकला आहे तो स्वतः चव्हाट्यावर मांडायची गरज नाही. त्याच घरची लग्नाची गादी भरायला आली तेव्हा चाचांना वाटले, अल्लाहनेच वाट काढून दिली. लवकर टोचावी म्हणून त्यांनी पिशवी मुद्दाम काठाला टाचली होती.

ऐकून मी चक्रावलो. चोर म्हणावे तर माल त्याला देऊन टाकलेल्या गादीतला. साव म्हणावे तर इतकी वर्षे दडवलेला. मी म्हणालो, "चाचा, मालकाला पोचली म्हणता. पण त्या घरची धाकटी सून या एकदाणीपायी माहेरी बसली आहे. चोर म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला. फिर्याद झाल्याचे त्यांना माहीत होते, पण ती कोणावर, हे त्यांनी भीतीपोटी कधी विचारलेच नव्हते. त्या गावची फेरीही त्यांनी तेव्हापासून सोडली होती.

"मले वाटलं मालक एकच हाय," ते म्हणाले. त्यांनी एकदाणी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "साहेब, कयामतच्या, हिशेबाच्या दिवशी ती माहा हात धरन. माह्या नमाजा, माहे रोजे, हा हज, सारं उचलून तिले देतीन. माही बायको जन्नतमध्ये वाट पाहून राह्यली असन. मी कोनत्या तोंडानं जाऊ?"

खरे सांगतो, मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी संतापही आला. स्वतःच्या जन्नतचा हिशेब मांडणारा हा माणूस त्या बाईचा विचार आत्ता करत होता. पण तिचा विचार आमच्या खात्यातल्या कोणी केला होता, किंवा तिच्या नवऱ्याने? त्याला तर कसली जन्नतही गमवायची नव्हती.

मी सरकारी वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, ही घरफोडी नव्हे, चोरीही नव्हे, फार तर अपहार, आणि त्याची दखल घ्यायची मुदत केव्हाच उलटून गेली. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही ते वेगळेच. म्हणजे कायद्याच्या लेखी चाचा मोकळे होते. मी हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांना काडीचाही आनंद झाला नाही. त्यांनी मला फक्त एक विनंती केली, मानोऱ्याकडे बरोबर चला. एकटा गेलो तर ती खरे मानणार नाही. तिला वर्दीने बोलावून नेले होते, तर वर्दीच्या तोंडून तिने ऐकले पाहिजे.

आम्ही गेलो. ती बाई माहेरच्या ओट्यावर शिलाई यंत्र मांडून बसली होती. वर्दी दिसताच तिचे हात थांबले आणि ती उभी राहिली. मी सगळे सांगितले. तिने उभ्यानेच ऐकून घेतले. शेवटी म्हणाली ते भलतेच काहीतरी.

"सासूबाई हातानं गादी दाखवत होत्या. मले वाटे, पाठ दुखते. मी कूस बदलून देत होती."

तेवढे बोलून तिने पदर तोंडाला लावला. चाचा खाली जमिनीवर बसले आणि हात जोडून म्हणाले, "माय, माहं कहा-सुना माफ कर." त्यांना दुसरे शब्द सुचले नसावेत.

तिने पदर सोडला. मग म्हणाली, "चाचा, तुमी हजले जायच्या पयले घरोघरी हिंडता म्हन्ते ना माफी मांगत? मंग माह्या सासरच्या गावात जा. घरोघरी जा अन् सांगा का एकदाणी मी नेली नव्हती. मंग पाहू माफीचं."

परतताना चाचांनी जीप मौलानांच्या दारात थांबवायला सांगितली. गावात जाऊन हे सांगणे म्हणजे उतारवयात 'चोर हाजी' म्हणवून घेणे, पोराबाळांना मान खाली घालायला लावणे. शिवाय हिंदू वस्तीच्या गावात एकट्याने जाऊन हे बोलल्यावर काय होईल याची मला खात्री नव्हती. मौलानाही कोड्यात पडले. त्यांनी पडद्याचे सांगितले होते आणि इथे तर पडदाच काढायचा होता. शेवटी ते म्हणाले, हक तिचा आहे, तो कसा घ्यायचा तेही तीच ठरवणार.

चाचा गेले. बंदोबस्त म्हणून मी जमादारांना बरोबर दिले. प्रत्येक दारात त्यांनी तेच सांगितले. एका घराने दार लावून घेतले, एका म्हातारीने शिव्या दिल्या, एका घरात पाणी मिळाले. शेतकऱ्याच्या दारात ते सर्वात शेवटी गेले. जमादार सांगत होते, नवरा पुन्हा बैलांकडे निघाला होता, पण भावाने त्याचा दंड धरून त्याला उभे केले आणि ऐकायला लावले.

पुढे कोर्टाच्या हुकमाने एकदाणी घरच्यांना परत मिळाली. सासरचे लोक सुनेला न्यायला गेले तेव्हा तिने त्यांना चहा पाजला आणि यंत्रावर जाऊन बसली. ती गेली नाही. एकदाणी तिच्या नावाने आणली होती, तीही तिने ठेवून घेतली नाही.

आणि चाचा? ते पुन्हा मानोऱ्याला गेले. सगळ्या गावाला सांगून आलो म्हणाले. तिने ऐकले, मान हलवली आणि घरात निघून गेली. माफ केले की नाही, काहीच बोलली नाही. चाचा माझ्याकडे येऊन विचारू लागले, "साहेब, तुमाले मानसं वळखू येतात. तिची मान कशी हालली असन?" मी काय सांगणार? मी तिथे नव्हतो. निघायचा दिवस आला तरी त्यांचे जावे की थांबावे हे ठरत नव्हते. मौलानांनी समजावले की अल्लाहच्या दयेची आशा सोडणे हाही गुन्हाच. आयुष्यभर शिवत आलेला तो माणूस, हजला नेसायच्या बिनशिवलेल्या दोन पांढऱ्या कापडांची घडी पिशवीत घालून गेला.

ते परत आले नाहीत. हज पूर्ण करून तिकडेच वारले आणि तिकडेच दफन झाले. गल्लीत लोक म्हणत होते, नशीबवान माणूस, सरळ जन्नतमध्ये गेला. त्यांच्या मुलाने बरोबरच्या लोकांनी आणलेले मक्केच्या पवित्र विहिरीचे, झमझमचे पाणी आणि खजूर माझ्याकडे दिले. म्हणाला, अब्बांनी निघताना सांगितले होते, मानोऱ्याच्या बाईला पोचवा.

मी स्वतः गेलो. तिने खजूर हातात घेतले आणि विचारले, चाचा कसे आहेत. मी सांगितले. ती यंत्राच्या स्टुलावर बसली.

"मी माफ केलं होतं साहेब," ती म्हणाली. "ते गावात जाऊन आले तवाच केलं होतं, मनात. तोंडानं म्हननं झालं नाई. वाटलं, थोडं त्यायनं बी वाट पाहावं. येतीन तवा सांगू." मग माझ्याकडे बघून तिने विचारले, "मनातलं चालते का त्यायच्यात?"

मी म्हणालो, "चालते."

या प्रकरणाने मला काय शिकवले असे कोणी विचारले तर मला अजून नीट सांगता येत नाही. चोरीचा माल परत आला की नुकसान भरले असे आम्ही कागदावर लिहितो. त्यात आणखी कोणाकोणाचे काय गेले ते विचारायचे राहून जाते, एवढे कळले. बाकी गोंधळ तसाच आहे. साऱ्या नोकरीत पुराव्यावाचून मी दिलेला जबाब एकच, तो 'चालते'. मौलाना अजून त्याच गल्लीत राहतात, बाजारात भेटतात, नमस्कार होतो. बाईने विचारलेले त्यांना विचारावे असे दर वेळी मनात येते. पण ते 'नाही' म्हणाले तर मानोऱ्याला जाऊन तिला काय सांगायचे, हे मला ठाऊक नाही. म्हणून मी अजून विचारलेले नाही.