नाळेला लावलेलं तेल

बाळंतपणातलं सगळं मलाच कळतं, असा माझा तोरा होता. दोन लेकरं मी वाढवलेली. भावाला मुलगी झाली तेव्हा वहिनीला आई नव्हती, म्हणून मी कड्याहून पाटोद्याला माहेरी येऊन राहिले. आशाताई घरी आली, बाळाचं वजन केलं आणि बजावून गेली, "नाळेला काय बी लावू नका. कोरडी ठेवा." तिची पाठ वळताच मी वाटीत हळद घालून तेल कोमट केलं. कालची पोर मला शिकवते, हे झोंबलं होतं.

चौथ्या दिवशी बाळ दूध ओढेना. रडणंही थांबलं. वहिनी म्हणाली, "आक्का, हिचे पाय गार लागत्यात. दवाखान्यात न्यायचं का?"

"लई गुणाचं लेकरू हाय, निजू दे," मी म्हणाले. "उद्या पाचवी हाय. पाचवी पुजल्याबगर बाळ उंबऱ्याभाईर न्हाई काढायचं."

वहिनीनं बाळाचे पाय दुपट्यात गुंडाळले. माझ्यापुढं कुणाचं चालायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेचा पाटा मांडताना बाळ निळसर दिसलं. पूजा तशीच टाकून भावानं जीप काढली. मांजरसुंब्याला ट्रकांची रांग लागलेली, आणि मी मांडीवरच्या पोरीच्या नाकाशी सारखं बोट धरत होते. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, जंतू रक्तात गेलेत, मेंदूपर्यंतही पोचले असतील. मग त्यांनी विचारलं, "नाळेला काही लावलं होतं?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "न्हाई."

पोर वाचली. बारसं उशिरा, पण थाटात झालं. आत्याचा मान माझा. पाळण्यात वाकून मी तिच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणं माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले, एकच गलका झाला. बाळ दचकलंसुद्धा नाही. मला त्याचंही कौतुक वाटलं.

आता ती पाच वर्षांची आहे. कानाला मशीन लावलंय, तरी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्या आजारातच कान गेले, असं डॉक्टर म्हणाले. वहिनीनं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

माहेरी गेले की पोर अंगणात पाठमोरी खेळत असते. मी ठेवलेल्या नावानं मी तिला हाक मारते. ती वळत नाही. मग आसपास कुणी नाही असं बघून मी तिच्या पाठीमागं उभी राहते आणि सांगते, "तेल मीच लावलं होतं गं, बाई."

ती खेळत राहते.