बेंदराला न्हाऊ घातलेली गाडी

फौजेत मी गाडी चालवायला शिकण्याआधी गाडी धुवायला शिकलो. ट्रेनिंग सेंटरला आमचे उस्ताद होते. ज्याला गाडीचं अंग माहीत नाही त्याच्या हातात चावी देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सकाळी पीटी, मग चहा, मग मेंटेनन्स परेड. बादली, ब्रश आणि फडकं घेऊन प्रत्येकानं आपापल्या लॉरीपुढं फॉल-इन व्हायचं. उस्ताद हातात पांढरा मोजा घालून चाकाच्या आतून हात फिरवायचे. मोजा काळा निघाला की मैदानाला चक्कर. माझ्या इतक्या चकरा झाल्या की त्या मैदानावरचा दगडन् दगड मला ओळखत असेल.

शेजारच्या लॉरीवर मायाप्पा होता. तो जत तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मी आष्ट्याचा. एकाच जिल्ह्यातले म्हणून गट्टी जमली आणि त्याच कारणानं भांडणंही रोज व्हायची. त्याच्या वेळी उस्तादांचा मोजा पांढरा तो पांढराच. एकदा मी चिडून विचारलं, लेका तू करतोस तरी काय? तो म्हणाला, "गड्या, तू गाडीचं तोंड धुतोस. मी आधी पाय धुतो." मी त्याला शिवी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून चाकांपासून सुरुवात केली.

पुढं दोघांची पोस्टिंग एकाच ट्रान्सपोर्ट कंपनीत झाली. लडाखच्या वाटेवर कॉन्व्हॉय न्यायचा, रेशन आणि डिझेल उतरवायचं, परत यायचं. सगळ्यात पुढची गाडी बहुतेक वेळा मायाप्पाची. एका सकाळी वळणावर त्याच्यासमोर डोंगरातून दगड सुटायला लागले. रेडिओवर त्याचा आवाज आला.

"पीछे सब रोको. कोई आगे नहीं आएगा."

"लीड, तुम भी पीछे आओ. ओव्हर," मागून कॉन्व्हॉय कमांडर ओरडले.

उत्तर यायच्या आत दरड त्याच्या गाडीवर कोसळली. मागच्या सगळ्या गाड्या, सगळी माणसं वाचली. नाईक मायाप्पा वाचला नाही.

त्याला गावी घेऊन मीच आलो. त्याच्या आईला सगळा गाव अव्वा म्हणतो. फौजेची गाडी दारात थांबली, अव्वानं एकवार तिच्याकडं बघितलं आणि पाठ फिरवली. तेव्हापासून तिनं चारचाकीत पाय ठेवला नाही. जीप नाही, एसटी नाही. जायचं तिथं चालत. मायाप्पाचं स्मारक गावापासून बरंच लांब, फाट्यावर आहे. तो गेला त्या दिवशी ती दरवर्षी उन्हातान्हात चालत जायची आणि संध्याकाळी चालत परत यायची. गेली दोन वर्षं गुडघ्यांनी संप केला. लेकाकडं जायला मिळालं नाही म्हणून त्या दिवशी ती अन्नाला शिवायची नाही. कुणी कितीही समजावलं तरी गाडीत बसायला मात्र तयार नाही.

मायाप्पाच्या बायकोचं नाव शेवंता. जतला तिचं शिलाईचं दुकान आहे. मी तिला वहिनी म्हणतो आणि ती माझी थट्टा करायची एकही संधी सोडत नाही. मागं फोनवर म्हणाली, "भावजी, गाडी चालवाय शिकले. जुनी गाडी बी घेतलीया. औंदा अव्वाला मीच न्हेनार फाट्याला. तुमी आदल्या दिवशीच या, गाडी तपासाय." अव्वा तयार आहे का, असं मी विचारलं. तर म्हणाली, न्हाई म्हनाली न्हाई अजून. अव्वाच्या बाबतीत हे म्हणजे अर्धा होकारच. मला लय आनंद झाला.

आदला दिवस नेमका बेंदराचा, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याचा आला. मी पोचलो तर दारात लिंबाखाली गाडी उभी, आणि ती बघून मी मोटरसायकलवरच हसायला लागलो. बॉनेटवर बैलाच्या शिंगांना लावतात त्या तांबड्या हिंगुळाचे पट्टे ओढलेले. दोन्ही आरशांना गोंडे. टपावर नक्षीची झूल. चारी चाकं अशी चमकत होती की तालमीतला पैलवान लाजावा.

"हसू नगासा," वहिनी म्हणाली. "बैल विकल्यापास्नं बेंदराला दार मोकळं दिसायचं. औंदा हिलाच बैल केलं."

कट्ट्यावर बसलेल्या अव्वानं गाडीकडं न बघताच शेरा मारला, की शिंगं तेवढी राहिली. मी चाकांबद्दल विचारणार होतो, तोवर पुढ्यात ताट आलं. पुरणपोळी, वर दुधाची धार, कटाची आमटी. माझं इन्स्पेक्शन तिथंच बुडालं.

जेवण झाल्यावर वहिनी म्हणाली, एक चक्कर मारून दाखवते, अव्वाबी बघंल. आम्ही निघालो. घराच्या वरच्या अंगाला बिरोबाचा माळ आहे. चढावर तिनं गिअर असे बदलले की मी मनात शाबासकी दिली. माळावरून गाडी वळवली आणि उताराला लागलो. उतार सरळ त्यांच्या अंगणाकडंच येतो. कट्ट्यावर बसलेली अव्वा मला दिसत होती.

"भावजी, ब्रेक लागंना."

"परत दाबा."

"दाबलाय. सरकतूय नुसता."

"समोर बघा. सेकंड टाका. हां. आता फर्स्ट."

इंजिन ओरडलं. गाडी जरा आवरली. हँडब्रेक मी बटण दाबून धरून हळूहळू ओढत गेलो.

"डावीकडं घ्या. गंजीत घाला."

अंगणाच्या अलीकडं कडब्याची गंज होती. गाडी तिच्यात तोंड खुपसून थांबली. दोघांनाही खरचटलं नव्हतं. वहिनीनं स्टिअरिंग सोडलं नाही. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

अव्वा कट्ट्यावरून उठून उभी राहिली होती. तिनं पाठ फिरवली आणि घरात गेली. ते पाठ फिरवणं मी आधी एकदा बघितलं होतं. वहिनी तिथंच दगडावर बसून ढसाढसा रडली. वर्षभर ती याच एका दिवसासाठी गाडी शिकली होती, आणि आता अव्वा काही बसत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी चाकाजवळ बसलो. जाळीतून आत बघितलं तर ब्रेकची डिस्क तेलानं लथपथ. वहिनीनं सांगितलं ते असं. आदल्या संध्याकाळी तिनं गाडी धुतली. सकाळी बघते तर चाकाच्या आतल्या पोलादी ताटलीवर तांबूस गंज. मग काठीला फडकं गुंडाळून तिनं आतपर्यंत गोडंतेल चोळलं.

"नांगराच्या फाळाला गंज चढला की आमी त्येलच लावतो की," ती डोळे पुसत म्हणाली.

आता यावर रागवायचं कसं? शेतकऱ्याच्या घरात लोखंड गंजू देणं म्हणजे आळसाची हद्द. पण ब्रेकची डिस्क म्हणजे फाळ नव्हे. पाणी लागलं की रात्रीत तिच्यावर गंजाचा पापुद्रा येतोच. गाडी हलवून दोन-चारदा ब्रेक दाबला की तो आपोआप घासून जातो. तेल लागलं तर मात्र ब्रेक धरणार कशाला?

जतहून मेकॅनिक बोलावला. ब्रेक पॅड तेल पिऊन बसले होते, ते त्यानं काढून नवे घातले. डिस्क स्प्रे मारून साफ करून दिली. तो गेल्यावर मी वहिनीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मेंटेनन्स परेड, फॉल-इन!" ती रडक्या तोंडानं सावधानमध्ये उभी राहिली आणि मग हसली. घराचं दार बोटभर उघडं होतं, ते मी बघून न बघितल्यासारखं केलं.

नव्या माणसानं गाडी कशी धुवावी, तर अशी. गाडी सावलीत घ्या आणि चाकं गार होऊ द्या. तापल्या चाकावर पाणी ओतू नका. आमच्या भागात पाणी टँकरचं, त्यामुळं पाइप सोडून नाचायचा प्रश्न नाही. तीन बादल्या पुरतात. एक फक्त चाकांची. तिचा ब्रश, तिचं फडकं पुन्हा गाडीच्या अंगाला लावायचं नाही, कारण त्यात ब्रेकची काळी भुकटी आणि खडे असतात. चाकांपासून सुरुवात करा, नाहीतर धुतलेल्या गाडीवर चाकांचा चिखल उडतो. जाळीच्या फटी, नटांच्या खाचा, मडगार्डच्या आत बसलेली ढेकळं, सगळं काढा. हात फिरवताना टायरला चीर आहे का, नट ढिला आहे का, हेही कळतं. वहिनीनं टायरलाही तेल चोळलं होतं, ते साबणानं दोनदा उतरवलं. टायर काळा दिसला की पुरे, त्याला लग्नाला जायचं नसतं.

मग अंग. आधी नुसतं पाणी टपावरून सोडा आणि धूळ वाहून जाऊ द्या. आमच्याकडची धूळ म्हणजे बारीक मुरूम, कोरडीच पुसली तर रंगावर ओरखडेच ओरखडे. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, ती गाडीची चकाकी खाते. गाडीचा शाम्पू एका बादलीत, दुसऱ्या बादलीत साधं पाणी. फडकं साबणात बुडवा, थोडा भाग पुसा, साध्या पाण्यात पिळा, मग परत साबणात. वरून खाली यायचं, हात सरळ चालवायचा, भांडी घासल्यासारखा गोल गोल नाही. हिंगूळ तर घासायचाच नाही. ओलं फडकं त्यावर पसरून ठेवलं, मऊ झाल्यावर तो अलगद निघाला. शेवटी साधं पाणी ओतून साबण उतरवा आणि मऊ कापडानं लगेच टिपून घ्या, नाहीतर खारट पाण्याचे पांढरे डाग बसतात.

आतलं काम सोपं. पायपुसणी काढून झटका, सीटच्या फटीतला कचरा ब्रशनं ओढा, डॅशबोर्ड ओलसर फडक्यानं पुसा. काचा सगळ्यात शेवटी. क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर यांचे पेडल कोरडे ठेवा. चमक आणायच्या नादात तिथं काही चोळलंत तर पाय निसटेल.

आम्ही मागचं दार पुसत होतो तेवढ्यात घरातून आवाज आला.

"त्या कानामागं कोन धुनार?"

अव्वा दारात उभी होती आणि काठीनं आरसा दाखवत होती. वहिनीनं आरशाच्या मागं बोट घातलं. खरोखरच तिथं घाण होती. मग अव्वा अंगणात आली आणि तिनं आम्हा दोघांना वेठीलाच धरलं. हितं राहिलं, तितं राहिलं, ह्येच्यापरास म्हस बरी धुत्यात लोकं. वहिनी खालमानेनं पुसत होती, पण खांदे हसण्यानं हलत होते. मग अव्वा एका चाकाजवळ कशीबशी वाकली आणि तिनं वास घेतला. तेलाचा येत नव्हता.

मी वहिनीला गाडी थोडी पुढं-मागं करायला लावली आणि ओलसर ब्रेक हलके दाबून वाळवून घ्यायला सांगितलं. माळावर नेऊन मी स्वतः ब्रेक तपासले. घट्ट. मी अव्वाला तसं सांगितलं. अव्वानं माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. ती चालत उताराच्या तळाशी गेली, आपली काठी तिनं रस्त्यावर आडवी टाकली आणि वहिनीला म्हणाली, "हितं थांबवून दाव."

वहिनी एकटी वर गेली. मी अव्वाला धरून रस्त्याकडेला उभा राहिलो. गाडी उतारावरून आली आणि काठीच्या बरीच अलीकडं थांबली.

"भ्याली व्हय? परत."

दुसऱ्या वेळी जवळ आली. अव्वा म्हणाली, परत. तिसऱ्या वेळी पुढची चाकं काठीच्या वीतभर अलीकडं येऊन थांबली, जराही न सरकता. अव्वानं मला काठी उचलून द्यायला सांगितली. धूळ पुसली आणि विचारलं, "उंद्या किती वाजता निघायचं?"

सकाळी आठला निघालो. अव्वा नवं लुगडं नेसली होती. मी मागचं दार उघडून धरलं. ती तिथं आली, आतल्या सीटकडं बघत राहिली.

"मागं न्हाई बसनार," अव्वा म्हणाली. "त्येला फौजेच्या गाडीत मागं घालून आनला."

मी पुढचं दार उघडलं. ती आधी बसली, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतला. मागं मी बसलो. गावाबाहेर पडेपर्यंत तिनं डोळे गच्च मिटलेले. मग एक उघडला. मग दुसरा. मेंढरं दिसली, ओळखीचं रान दिसलं, चालत जाणारी माणसं मागं पडायला लागली. फाटा अर्ध्यावर आला तसं तिनं सुनेला विचारलं, ही एवढीच पळती व्हय? वहिनी इतकी हसली की मला तिला समोर बघायची आठवण करावी लागली.

स्मारकापाशी आमच्या कंपनीतले चार-पाच पेन्शनर आधीच येऊन थांबले होते. गाडीतून कोण आलंय ते दिसल्यावर त्यांनी टोप्या सरळ केल्या. मी उतरून अव्वाचं दार उघडलं, पण ती उतरेना. काचेतून दगडावरच्या त्या नावाकडं बघत होती.

"शेवंता, हारन वाजीव."

"अव्वा, हितं?"

"वाजीव. त्येला कळू दी, आई गाडीनं आलीया."

वहिनीनं हॉर्नवर हात ठेवला आणि दाबूनच धरला. आम्ही सगळे सावधानमध्ये उभे राहिलो. डोळे भरले होते आणि आम्ही हसत होतो. अव्वा म्हणाली, "आजून."