दोन प्रश्न आणि मेव्हण्याचं जाळं

आता काय सांगू तुम्हाला, माणसाने भाषण जरूर ठोकावं, पण ते ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहणार नाही एवढी काळजी घ्यावी!

मी आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. म्हणजे तेव्हा होतो. बंदरावरच्या टपरीत चहा पीत होतो, तेवढ्यात टीव्हीवर बातमी आली. सातासमुद्रापलीकडच्या एका साहेबाने आखातात बॉम्ब टाकले! आमची निम्मी पोरं तिकडेच नोकरीला. इक्बालचाचांचा मुलगा तर विमानतळावर अडकलेला. चाचांचा चेहरा बघवेना. माझं डोकंच फिरलं.

"त्या साहेबाला दोन प्रश्न विचारा!" मी ग्लास आपटला. "हल्ला आजच का? आणि फायदा कोनाचा? दुश्मन काय काल आला? इतकी वर्सं तिथंच हाय ना? पन निवडनूक आली, लोक महागाईचं विचाराय लागले, की लगेच ह्याला धोका दिसतो! आनि मरतात कोन? गरिबाची पोरं!"

टाळ्या पडल्या. चाचांनी माझे हात धरले. "बेटा, दिल हलकं केलंस."

त्या भाषणातला एक शब्द मी आजही मागे घेणार नाही. विचारायला घाबरतो कोण?

आता माझी भानगड ऐका. सोसायटीचा बर्फाचा कारखाना बंद पडला होता. मासळी कुजत होती, सभासद तापले होते आणि रविवारी सभेत चेअरमनची निवड. बायका तर रस्त्यात गाठून विचारायच्या, "बर्फ कवा?"

मी वाट बदलून पळायचो. शनिवारी सकाळी मात्र धोका दिसला! शेजारच्या गावची जाळी आमच्या हद्दीत!

"गावाच्या इज्जतीचा सवाल हाय!" मी गरजलो. तीन होड्या काढल्या. धुक्यात जे पहिलं जाळं दिसलं ते ओढून आणलं. किनाऱ्यावर जयजयकार! कुणीतरी ताशासुद्धा आणला.

गर्दीतून माझी बायको पुढे आली. जाळं हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिलं.

"ह्या गाठी माज्या हातच्या हायेत. गनपतीला म्हायेरी गेलेले तवा मारलेल्या. ओ चेअरमन, ह्ये माज्या दादाचं जालं!"

ताशा बंद. सांगायचं राहिलं, शेजारचं गाव म्हणजे माझी सासरवाडी.

"पन हद्द..." मी पुटपुटलो.

"हद्द काय काल हलली? दादा आपल्या लग्नाच्या आधीपास्नं तिथंच जालं टाकतो. मंग हल्ला आजच का?"

मागून इक्बालचाचांचा शांत आवाज आला. "आणि फायदा कोणाचा, बेटा?"

मग सगळा किनाराच ओरडला, "बर्फ कुठाय?"

रविवारी खुर्ची गेली. सोमवारी जाळं खांद्यावर टाकून मेव्हण्याच्या दारात उभा राहिलो. त्याने आत बसवून बोंबलाचं कालवण वाढलं.

तो साहेब अजून खुर्चीवर आहे म्हणे. असणारच हो! त्याने नुसता हल्ला केला. मी शहाण्याने आधी लोकांना प्रश्न शिकवले आणि मग हल्ला केला!